वेष्टनावरचा ससा नेमके काय सांगतो?

नखपॉलिशच्या बाटलीवर किंवा शाम्पूच्या मागच्या बाजूला उडी मारणाऱ्या सशाचे लहानसे चित्र दिसले की आपण निर्धास्त होतो. ‘क्रुएल्टी-फ्री’, म्हणजे ही वस्तू तयार करताना कोणत्याही प्राण्याचा छळ झालेला नाही, असा त्याचा अर्थ आपण लावतो. प्रत्यक्षात त्या चित्राचा अर्थ ते कोणत्या संस्थेने दिले, कोणत्या अटींवर दिले आणि कंपनी आपला माल कोणकोणत्या देशांत विकते, यांवर अवलंबून असतो. कधी कधी तर तो ससा कोणीच दिलेला नसतो. वेष्टनाची सजावट करणाऱ्याने तो आपल्या मनानेच काढलेला असतो. शिवाय भारतात तयार झालेल्या प्रसाधनाबाबत असा ससा जी ग्वाही देतो, तिच्यातील बराचसा भाग कायद्याने आधीच बंधनकारक केलेला आहे. म्हणून ब्रँड निवडण्यापूर्वी कायदा कोठपर्यंत पोहोचतो आणि त्याच्या पलीकडे काय उरते, हे पाहून घेणे सोयीचे ठरते.

कायद्याची हद्द

मे २०१४ मध्ये केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत १४८-सी हा नवा नियम घातला. तो जेमतेम एका ओळीचा आहे: सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी कोणीही कोणत्याही प्राण्याचा वापर करू नये. त्याच्या आदल्या वर्षी भारतीय मानक ब्युरोच्या प्रसाधन-सुरक्षिततेविषयीच्या आयएस ४०११ या मानकातून प्राण्यांवरील चाचण्या काढून टाकण्याचा निर्णय झाला होता. म्हणजे आधी अशा चाचणीची गरज संपवली गेली आणि मग तिच्यावर बंदी आली. २०१४ च्याच ऑक्टोबरमध्ये १३५-बी हा आणखी एक नियम आला आणि १२ नोव्हेंबर २०१४ नंतर ज्यांची प्राण्यांवर चाचणी झाली आहे अशी प्रसाधने आयात करण्यासही मनाई झाली. दक्षिण आशियात अशी पावले उचलणारा भारत हा पहिला देश होता. २०२० साली सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली तयार झाली, तेव्हा ही दोन्ही बंधने तिच्यातही कायम राहिली.

या नियमांचे बळ एका जुन्या व्याख्येत आहे. १९४० च्या मूळ कायद्यानुसार शरीराला चोळण्याची, लावण्याची, शिंपडण्याची किंवा फवारण्याची, शरीर स्वच्छ अथवा सुंदर करणारी वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. आणि अशा वस्तूचा घटक म्हणून वापरायचा पदार्थही त्यातच मोडतो. त्यामुळे केवळ तयार लिपस्टिकच नव्हे, तर लिपस्टिकसाठी म्हणून बनवलेला रंग किंवा मेणही बंदीच्या कक्षेत येतो. काही देशांत ‘तयार माल’ आणि ‘कच्चा माल’ यांत बरीच वर्षे भेद केला गेला, तो आपल्याकडे निदान कागदावर तरी नाही.

मग ग्राहकाने निवडायचे उरते काय? तीन गोष्टी उरतात, आणि पुढचा सगळा लेख त्यांच्याभोवतीच फिरतो. पहिली गोष्ट काळाची: बंदीपूर्वी झालेल्या चाचण्या पुसून टाकता येत नाहीत. दुसरी हेतूची: एखादे रसायन प्रसाधनासाठी नव्हे तर रंग, डिटर्जंट किंवा औषध यांसाठी तपासले गेले असेल, तर प्रसाधनांचा नियम त्याला अडवत नाही. तिसरी जागेची: भारतात चाचणी न करणारी कंपनी दुसऱ्या देशात माल विकताना तेथील सरकारला चाचणी करू देत असेल, तर तो निर्णय आपल्या नियमांना नव्हे, त्या कंपनीलाच विचारावा लागतो.

चाचणी म्हणजे काय होते

अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या रंगवण्याचा एक रंग विकला जात होता. त्यातील पॅरा-फेनिलीनडायअमीन या रसायनामुळे अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, काहींची दृष्टी गेली आणि एकीचा मृत्यू झाला. तोपर्यंत प्रसाधनांवर अमेरिकी सरकारचे नियंत्रण जवळजवळ नव्हते. ते १९३८ च्या कायद्याने आले. प्रसाधन बाजारात आणण्यापूर्वी ते निर्धोक आहे हे पाहिले पाहिजे ही मागणी योग्यच होती. ते पाहायचे कसे, याला त्या काळात प्रयोगशाळेतील प्राणी हेच उत्तर हाताशी होते.

१९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांची जी चाचणी मांडली, ती पुढे अर्धशतक जगभर वापरली गेली. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्याच्या खालच्या पापणीत पदार्थाचा ०.१ मिलिलिटर इतका अंश टाकायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि बुबुळाचा पारदर्शक पडदा किती गढूळला, लाली किती आली, सूज किती आली, याला ठराविक दिवसांनी गुण द्यायचे. हे निरीक्षण २१ दिवसांपर्यंत चालू शके. ससा निवडला गेला तो त्याचे डोळे मोठे, स्वभाव गरीब आणि पाळणे स्वस्त म्हणून. शिवाय त्याच्या डोळ्यांत पाणी कमी येते, त्यामुळे टाकलेला पदार्थ वाहून जात नाही. पण नेमक्या याच कारणाने त्याचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा वागत नाही. शिवाय गुण डोळ्यांनी पाहून द्यायचे असल्याने एकाच पदार्थाला दोन प्रयोगशाळांत वेगवेगळे गुण मिळत. म्हणजे ही चाचणी क्रूर होतीच, पण मोजमाप म्हणूनही ती फारशी भरवशाची नव्हती. माझ्या मते हा दुसरा मुद्दा जितका ठासून सांगायला हवा तितका सांगितला जात नाही.

१५ एप्रिल १९८० रोजी हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याच्या पुढाकाराने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पूर्ण पानाची जाहिरात आली. रेव्हलॉन ही कंपनी सौंदर्यासाठी किती सशांना आंधळे करते, असा थेट प्रश्न तिच्यात विचारलेला होता. स्पायरा यांची मागणी मात्र हिशेबी होती: चाचणी उद्या बंद करा असे न म्हणता, पर्याय शोधण्यासाठी पैसे द्या असे त्यांनी म्हटले. रेव्हलॉनने रॉकफेलर विद्यापीठाला या कामासाठी ७,५०,००० डॉलर दिले, आणि १९८१ मध्ये प्रसाधन-उद्योगाच्या देणगीतून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचे केंद्र उभे राहिले. आज ज्या चाचण्यांच्या आधाराने देशोदेशींचे कायदे बंदी घालू शकले, त्यांची पायाभरणी त्या दशकात झाली.

या पर्यायी चाचण्यांपैकी एक समजून घेतली की बाकीच्यांची कल्पना येते. शस्त्रक्रियेनंतर उरलेली आणि रुग्णाने संमतीने दिलेली मानवी त्वचा घेऊन तिच्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. काही दिवसांत छोट्याशा गोल साच्यात त्वचेच्या वरच्या स्तराची हुबेहूब चकती तयार होते. तिच्यावर तपासायचा पदार्थ ठराविक वेळ ठेवून धुऊन टाकतात आणि पेशींना सावरायला जवळजवळ दोन दिवस देतात. मग चकतीला एक पिवळा रंग पाजतात. जिवंत पेशी त्या पिवळ्या रंगाचे जांभळ्यात रूपांतर करतात, मेलेल्या करू शकत नाहीत. जांभळेपणा मोजला की किती पेशी जगल्या ते कळते. निम्म्या किंवा त्याहून कमी जगल्या असतील तर पदार्थ त्वचेला दाहक ठरतो. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ‘ओईसीडी’ने, ही पद्धत २०१० साली ४३९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत स्वीकारली. डोळ्यांसाठीही अशीच मानवी पेशींची चकती वापरली जाते. त्याशिवाय कत्तलखान्यातून आणलेल्या गाईगुरांच्या डोळ्यांचा बाह्य पडदा किती गढूळतो ते पाहणारी पद्धत आहे. तिच्यासाठी एकही प्राणी प्रयोगशाळेत ठेवला जात नाही, पण शुद्ध शाकाहारी मनाला ती कितपत रुचेल हा प्रश्न वेगळा.

ॲलर्जीची शक्यता तपासण्यासाठी पूर्वी गिनीपिग आणि उंदीर लागत. आता रसायन त्वचेतील प्रथिनांना चिकटते का, पेशींत धोक्याचा इशारा उठतो का, अशा लहान लहान चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र जुळवून उत्तर काढतात, आणि त्यासाठीचे नियम २०२१ मध्ये ‘ओईसीडी’च्या ४९७ व्या मार्गदर्शिकेत घालून दिले गेले. मात्र एखादे रसायन महिनोन्‌महिने वापरल्यास यकृतावर काय परिणाम होतो, किंवा गर्भावर काय होतो, यासाठी एकच सुटसुटीत पर्यायी चाचणी नाही. तेथे जुनी माहिती, तत्सम रसायनांशी तुलना आणि शरीरात प्रत्यक्ष किती अंश शिरतो याचा हिशेब, असा वळसा घ्यावा लागतो.

एक साधी गोष्ट बहुतेक ब्रँडांच्या बाजूने आहे. ग्लिसरीन, झिंक ऑक्साइड, नारळाच्या तेलापासून केलेले फेसाचे पदार्थ, नेहमीची संरक्षक द्रव्ये, या हजारो घटकांची सुरक्षितता कधीच ठरून गेलेली आहे. त्यांतूनच मिश्रण करणाऱ्या कंपनीला नव्या प्राणीचाचणीची गरजच पडत नाही. पण त्यांतील कित्येक घटक पूर्वी केव्हातरी प्राण्यांवर तपासले गेलेले आहेत. म्हणून ‘यातील काहीही कधीही प्राण्यावर तपासलेले नाही’ असा दावा कोणी केला, तर त्या कंपनीला एक तर रसायनशास्त्राचा इतिहास ठाऊक नसतो किंवा आपल्याला तो ठाऊक नसावा अशी तिची अपेक्षा असते.

युरोपातील गाठ

युरोपीय संघाने टप्प्याटप्प्याने हे दार बंद केले. ११ सप्टेंबर २००४ पासून तयार प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी बंद झाली, ११ मार्च २००९ पासून घटकांची, आणि ११ मार्च २०१३ पासून, जगात कोठेही प्रसाधन म्हणून प्राण्यांवर तपासलेला माल युरोपात विकण्यासही बंदी आली. शेवटच्या टप्प्याला इतका वेळ लागला तो वर सांगितलेल्या अवघड चाचण्यांमुळेच.

एवढे झाल्यावर युरोपीय ब्रँड डोळे मिटून घ्यावा असे वाटेल. पण त्याच युरोपात ‘रीच’ नावाचा रसायनांचा दुसरा कायदा आहे. कारखान्यात रसायन हाताळणाऱ्या कामगारांचे आणि पर्यावरणाचे रक्षण हा त्याचा हेतू असून त्यासाठी तो प्राण्यांवरील चाचण्या मागू शकतो. होमोसॅलेट आणि एथिलहेक्झिल सॅलिसिलेट ही दोन रसायने ऊन अडवण्यासाठी सनस्क्रीनमध्ये वापरतात. ती बनवणाऱ्या सिमराइझ या जर्मन कंपनीला युरोपीय रसायन संस्थेने चाचण्या करायला सांगितले. आपले रसायन फक्त प्रसाधनांतच जाते आणि प्रसाधनांच्या कायद्याने तर चाचणीला बंदी आहे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने तो फेटाळला. प्रसाधनाची बंदी ही प्रसाधनाच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या चाचणीपुरती आहे. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी मागितलेली चाचणी तिच्यात येत नाही, असा निकालाचा आशय. वर सांगितलेली ‘हेतूची’ फट ती हीच. दोन्ही कायदे आपापल्या जागी चांगल्या हेतूने केलेले आहेत, पण सशाच्या दृष्टीने हेतूत फारसा फरक पडत नाही.

चीनचा प्रश्न

प्राणीचाचणीच्या याद्या चाळताना ‘चीनमध्ये विक्री’ हा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा भेटतो. अनेक वर्षे चीनचा नियम असा होता की परदेशातून येणारे प्रत्येक प्रसाधन तेथील सरकारमान्य प्रयोगशाळेत प्राण्यांवर तपासले गेले पाहिजे. त्यामुळे स्वतः एकही चाचणी न करणारी कंपनी चीनच्या दुकानांत माल ठेवायला तयार झाली, तर तिच्या पैशाने तेथे चाचणी होत असे. मग अशा कंपन्यांच्या निवेदनांत एक वाक्य ठरून गेले: ‘कायद्याने आवश्यक असेल तेथे वगळता आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही.’

हे चित्र आता बदलले आहे, पण पूर्णपणे नाही. ३० जून २०१४ पासून चीनमध्येच तयार होणाऱ्या साध्या प्रसाधनांना सूट मिळाली, आणि १ मे २०२१ पासून आयात होणाऱ्या साध्या प्रसाधनांनाही ती मिळू शकते. मात्र त्यासाठी उत्पादक देशातील सरकारी यंत्रणेने उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि सुरक्षिततेचा पुरेसा अहवाल जोडावा लागतो. साधी प्रसाधने म्हणजे शाम्पू, क्रीम, लिपस्टिक, काजळ वगैरे. लहान मुलांसाठीची प्रसाधने आणि नवीन घटक असलेली प्रसाधने या सवलतीत येत नाहीत. केस रंगवणे, केस कुरळे करणे, ऊन अडवणे, डाग घालवणे किंवा त्वचा उजळणे, केसगळती थांबवणे, असे दावे करणारी ‘विशेष’ प्रसाधने तर सामान्यतः अजूनही प्राणीचाचणीच्या वाटेने जातात. परदेशी संकेतस्थळावरून चिनी ग्राहकाने थेट मागवलेला माल या अटींबाहेर राहतो, आणि हाँगकाँगचे नियम वेगळे आहेत.

म्हणून ‘हा ब्रँड चीनमध्ये विकला जातो, तेव्हा बाद’ ही २०१५ च्या काळातील सोपी कसोटी आज अन्यायकारक ठरू शकते. विचारायचा प्रश्न असा: चीनमध्ये कोणता माल, कोणत्या मार्गाने? केवळ लिपस्टिक आणि फेसवॉश सवलतीच्या वाटेने विकणारी कंपनी आणि गोरेपणाचे क्रीम व सनस्क्रीन विकणारी कंपनी यांत मोठे अंतर आहे.

सशांचे प्रकार

‘क्रुएल्टी-फ्री’ या शब्दाची व्याख्या आपल्या प्रसाधन नियमांत नाही आणि अमेरिकेच्या कायद्यातही नाही. त्यामुळे शब्दापेक्षा त्याच्यामागची संस्था महत्त्वाची. जगभर दिसणारी दोन चिन्हे म्हणजे ‘लीपिंग बनी’ आणि पेटा या प्राणीहक्क संस्थेचे सशाचे चिन्ह.

लीपिंग बनीची योजना १९९६ मध्ये अमेरिकेतील प्राणीसंरक्षण संस्थांच्या एका गटाने सुरू केली. इतर बहुतेक देशांत तिचे काम ब्रिटनमधील ‘क्रुएल्टी फ्री इंटरनॅशनल’ पाहते, जिचे मूळ १८९८ मध्ये स्थापन झालेल्या प्राणीप्रयोगविरोधी संघटनेत आहे. या योजनेत कंपनीने एक ठराविक तारीख पक्की करायची असते, आणि त्या तारखेनंतर तयार मालाची वा घटकाची, स्वतः, पुरवठादाराने किंवा अन्य कोणी आपल्या वतीने प्राण्यांवर चाचणी केलेली नसावी असे बंधन स्वीकारायचे असते. पुरवठादारांवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था दाखवावी लागते, बाहेरच्या लेखापरीक्षकाला कागदपत्रे तपासू द्यावी लागतात आणि दरवर्षी बांधिलकीचे नूतनीकरण करावे लागते. काळाच्या फटीवरचे खरे उत्तर म्हणजे ही ठराविक तारीख: गेलेले परत आणता येत नाही, पण या दिवसापासून पुढे नाही, असे ती सांगते.

पेटाचे प्रमाणन मुख्यतः कंपनीने भरलेली प्रश्नावली आणि सही करून दिलेली लेखी हमी यांवर उभे आहे. लहान कंपनीला ते सोपे आणि स्वस्त पडते, त्यामुळे भारतातील नव्या ब्रँडांवर ते अधिक दिसते. त्यातही दोन प्रकार आहेत, नुसते प्राणीचाचणीमुक्त आणि प्राणीचाचणीमुक्त व व्हीगन, म्हणजे एकही प्राणिज घटक नसलेले. तेव्हा चिन्हाखालची ओळ वाचावी. मला स्वतःला बाहेरच्या तपासणीचे चिन्ह अधिक भरवशाचे वाटते, पण दुसरे चिन्ह म्हणजे फसवणूक असे म्हणण्यास आधार नाही.

ही कागदपत्रांची कसरत किती मोठी असते ते गार्नियरच्या उदाहरणावरून दिसते. आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक गल्लीतल्या जनरल स्टोअरमध्ये मिळणाऱ्या या ब्रँडला मार्च २०२१ मध्ये लीपिंग बनीची मान्यता मिळाली. त्यासाठी पाचशेहून अधिक पुरवठादारांकडून तीन हजारांहून अधिक घटकांबाबत हमीपत्रे गोळा करावी लागली. गार्नियरची मालक असलेली लॉरियाल मात्र समूह म्हणून त्या यादीत नाही. येथे ग्राहकांचे दोन तट पडतात. काहींच्या मते मूळ कंपनीला पैसा जातो, तेव्हा अशा ब्रँडला अर्थ नाही. इतरांच्या मते मोठ्या समूहातील चांगला ब्रँड जास्त खपला तरच समूहाला त्या वाटेचा फायदा कळतो. १९७६ मध्ये अनिता रॉडिक यांनी ब्रायटनमध्ये सुरू केलेली ‘द बॉडी शॉप’ ही प्राणीचाचणीला विरोध करणारी प्रसाधन कंपनी २००६ मध्ये याच लॉरियालने विकत घेतली, तेव्हाही हाच वाद रंगला होता. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण एकूणच लहान आणि स्वतंत्र ब्रँडांपुरती निवड मर्यादित ठेवली तर गावाकडच्या दुकानात जाणाऱ्या बाईसाठी पर्यायच उरत नाही.

शाकाहारी ठिपका ही वेगळी गोष्ट

साबण, टूथपेस्ट किंवा क्रीम यांच्या अनेक वेष्टनांवर हिरवा किंवा तपकिरी ठिपका असतो. तो घटक कोठून आला ते सांगतो. चाचणीविषयी तो काहीही सांगत नाही. याउलट सशाचे चिन्ह असलेल्या लिपस्टिकमध्ये कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग असू शकतो. घटकांच्या यादीत तो ‘कार्माइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ या नावाने सापडतो. मेंढीच्या लोकरीतून काढलेले लॅनोलिन, मधमाश्यांचे मेण, माशांच्या खवल्यांची चमक देणारे ग्वानिन आणि प्राण्यांच्या चरबीपासून केलेले सोडियम टॅलोएट हेही असेच. स्टिअरिक आम्ल व ग्लिसरीन वनस्पतीपासूनही मिळतात आणि चरबीपासूनही, त्यामुळे नुसत्या नावावरून काही ठरत नाही.

आपल्या आज्या कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखत. ते कुंकू कोणत्याही सशावर तपासलेले नव्हते, पण मेण मधमाश्यांचे होते. म्हणजे चाचणीमुक्त, परंतु व्हीगन नव्हे. हा भेद लक्षात ठेवण्यासाठी यापेक्षा जवळचे उदाहरण मला सुचत नाही. प्रसाधनांतील प्राणिज घटकांचा शोध घेऊन ग्राहकांपुढे ठेवण्याचे काम पुण्यातील ‘ब्युटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था १९७४ पासून करत आली आहे. डायना रत्नागर यांनी ती उभी केली. व्हीगन हा शब्द आपल्याकडे कोणाला ठाऊकही नव्हता, तेव्हापासूनचे हे काम आहे.

दुकानात उभे असताना

सर्वप्रथम ती वस्तू प्रसाधन आहे की औषध ते पाहावे. आपल्याकडे कित्येक क्रीम, तेले आणि शाम्पू आयुर्वेदिक परवान्यावर तयार होतात आणि त्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत आयुर्वेदिक औषध असल्याचा उल्लेख असतो. त्यांना औषधांचे नियम लागू होतात. प्राणीचाचणीची बंदी सौंदर्यप्रसाधनांपुरती लिहिलेली आहे. कोंड्यावरचा केटोकोनॅझोलचा शाम्पूही दुकानात इतर शाम्पूंशेजारीच दिसला, तरी तो औषध आहे. याचा अर्थ त्या सगळ्यांची चाचणी प्राण्यांवर झालीच असा नव्हे; बंदीचा आधार तेथे मिळत नाही आणि कंपनीला विचारावे लागते, एवढाच.

परदेशी मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक असायला हवा. तो नसेल तर माल चोरट्या वाटेने आलेला किंवा बनावट असण्याची शक्यता मोठी, आणि मग सशाविषयीची चर्चाच व्यर्थ ठरते; अशा क्रीममध्ये पारा नाही एवढे जरी कळले तरी पुष्कळ. आपल्या नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा दशलक्षात एका भागाहून अधिक असता कामा नये. अमेरिकेतील लेक-जावई सुटीत बॅगेतून घेऊन येतात तो माल मात्र या नोंदणीतून गेलेला नसतो. अमेरिकेत देशव्यापी बंदी नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून आणि नंतर इतर काही राज्यांनी प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांच्या विक्रीला बंदी घातली आहे, पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात परदेशी सरकारने मागितलेल्या चाचणीसाठी अपवाद ठेवलेला आहे. तेथेही चीनचा प्रश्न मागच्या दाराने येतोच.

चिन्ह दिसले, तर ते देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरील यादीत ब्रँडचे नाव शोधावे; दोन मिनिटांचे काम असते. नाव सापडले नाही, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहावे. ‘तुम्ही क्रुएल्टी-फ्री आहात का?’ असे विचारले की ‘हो’ असे उत्तर येते आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी असे विचारावे: घटकांसह सर्व चाचण्या कोणत्या तारखेपासून बंद आहेत? पुरवठादारांकडून लेखी हमी घेता का आणि ती किती वर्षांनी नवी करता? तुमचा माल कोणत्याही देशात अशा वर्गात विकला जातो का, जेथे सरकार प्राणीचाचणी मागते? उत्तरात ‘कायद्याने आवश्यक असेल तेथे वगळता’ हे शब्द आले, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असू शकते असे समजावे आणि देशाचे नाव विचारणारे दुसरे पत्र पाठवावे.

सगळ्यांत कठीण निवड केसांच्या डायची आहे, आणि घरोघरी महिन्याला एकदा निघणारी वस्तूही नेमकी तीच. चीनमध्ये ती विशेष वर्गात मोडते, म्हणून मोठ्या आंतरराष्ट्रीय ब्रँडच्या बाबतीत तिसरा प्रश्न येथे आवर्जून विचारावा. केवळ भारतात विकणाऱ्या कंपनीच्या बाबतीत तो बहुधा उद्भवत नाही. बहुतेक काळ्या डायमध्ये पॅरा-फेनिलीनडायअमीन असते, म्हणजे १९३३ मध्ये ज्याने डोळे गेले तेच. म्हणूनच आपल्या कायद्याने अशा प्रत्येक खोक्यावर पापण्या व भुवया रंगवू नयेत, अंधत्व येऊ शकते, अशी सूचना छापायला लावली आहे, आणि आतल्या पत्रकात प्रत्येक वेळी डाय लावण्याआधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडासा लावून चोवीस तास थांबण्यास सांगितले आहे. ससा असो वा नसो, ही एक चाचणी आपण स्वतःवर करायची आहे.